नागेशची अमेरिका, मुक्काम कायझर्सलाउटर्न

नागेश दाबके कायझर्सलाउटर्नमध्ये चौदा वर्षं राहिला, पण आपण तिथे राहतो हे त्याने कधी कबूल केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "सध्या इथे आहोत." त्या 'सध्या'त धाकटी मुलगी जन्मली, चालायला लागली, शाळेत गेली, दातांना तार लागली आणि निघालीसुद्धा. शुभदाने, त्याच्या बायकोने, भिंतीत एक खिळा ठोकायचं म्हटलं तरी तो अडवायचा. "कशाला? जायचंच आहे." त्यामुळे घरातल्या तसबिरी भिंतीला टेकून जमिनीवर उभ्या असायच्या. केर काढताना शुभदा त्या उचलायची, आणि पुन्हा तशाच ठेवायची.

जायचं होतं अमेरिकेला. ती एकदा त्याच्या हाती लागून निसटली होती. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघालेला नागेश पुण्याच्या कंपनीतर्फे न्यू जर्सीला गेला, आणि थोरली अन्वी तिथेच झाली. मग मंदी आली. व्हिसा कंपनीच्या नावावर होता, त्यामुळे नोकरीबरोबर देशही गेला. अमेरिकन मुलीचा भारतीय बाप होऊन तो पुण्याला परतला. पुढे जर्मनीतून दोन ठिकाणी बोलावणं आलं, वाल्डॉर्फ आणि कायझर्सलाउटर्न. वाल्डॉर्फची नोकरी चांगली होती. त्याने दुसरी घेतली, कारण कायझर्सलाउटर्नच्या आसपास अमेरिकन सैनिकांची मोठी वस्ती आहे. गाडीत त्यांचा रेडिओ लागतो, दुकानात त्यांचं बोलणं कानावर पडतं. त्यांना गावाचं नाव धड उच्चारता येत नाही म्हणून ते 'के-टाउन' म्हणतात. नागेशही के-टाउन म्हणायचा, त्याला नाव नीट उच्चारता येत असूनही.

अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे अन्वी एकवीस वर्षांची झाली की आई-वडिलांसाठी अर्ज करू शकणार होती. नागेशने आपला सगळा संसार त्या वाढदिवसाला टांगून ठेवला. घर विकत घेतलं नाही. जर्मन शिकला नाही. कामावर इंग्रजी चालायचं आणि बाकीचं शुभदा बघायची. ती बालवाडीत काम करायची, तिचं जर्मन पोरांनी घडवलं होतं. ओळखीचे सगळे एकेक करून जर्मन नागरिक झाले. याने अर्जच केला नाही. "जर्मन व्हायला आजोबा जर्मन लागतात," तो म्हणायचा. "अमेरिकन व्हायला फक्त एक वाक्य मानावं लागतं, की सगळी माणसं समान जन्मतात. जगात दुसरा कुठला देश वाक्यावर उभा आहे, सांगा."

सांगणारं कुणी नसायचं, कारण तोवर पाहुणे चपला शोधत असायचे.

घरच्या गणपतीलासुद्धा देखावा अमेरिकेचा. एका वर्षी त्याने बोस्टनचं बंदर केलं, इंग्रजांच्या करावर चिडून लोकांनी जिथे चहा समुद्रात फेकला ते. निळ्या जिलेटिन कागदाचा समुद्र, पुठ्ठ्याचं इंग्रजांचं जहाज, आणि जहाजावर चहाची चिमुकली खोकी. आरती झाली की नऊ वर्षांची अन्वी डोक्याला रेड इंडियनांसारखं पीस लावून खरी चहापूड समुद्रात फेकायची आणि पाठ केलेलं म्हणायची, "आमचं मत विचारल्याशिवाय आमच्यावर कर लादायचा नाही!" शुभदाच्या धाकट्या बहिणीचा नवरा गौरांग बाड हॉम्बुर्गहून दर्शनाला आला होता. तो म्हणाला, "नागेशराव, पाण्यात टाकायला चहा आहे, आम्हाला कपभर मिळेल का?" सगळे पोट धरून हसले. नागेश नाही हसला. त्याने मूर्तीसमोर उभं राहूनच सगळ्यांना सांगितलं, की बापाच्या घरातून बाहेर पडायची हिंमत केली म्हणून तो देश झाला; इंग्लंडचा राजा हा त्यांचा बापच होता, आणि बापाला नाही म्हणायला शिकणं हीच अमेरिका.

धाकटी ओवी कुठल्याच वर्षीच्या देखाव्यात नव्हती. पुढे मोठी झाल्यावर तिला पीस मागूनही मिळालं नाही. "तू इथली," नागेश म्हणायचा. पाहुण्यांना मुलींची ओळख करून देताना त्याचा ठरलेला विनोद होता. अन्वीच्या खांद्यावर हात ठेवून, "हे आमचं कन्फर्म तिकीट." मग ओवीकडे बोट दाखवून, "आणि ही वेटिंग लिस्ट." पाहुणे हसायचे, शुभदाही हसायची. ओवी जर्मनीत जन्मली तरी तिचा पासपोर्ट भारतीय होता, कारण बापाने कधी काही केलं नाही. सातवीत वर्गाची सहल इंग्लंडला गेली. बाकी पोरं बसमध्ये चढली. ओवीचा व्हिसा वेळेत आला नव्हता, कारण नागेश अपॉइंटमेंट घ्यायला विसरला होता. तो आठवडा ती दुसऱ्या वर्गात मागच्या बाकावर बसली. घरी आल्यावर कुणी काही विचारलं तर ती जर्मनमध्ये एवढंच म्हणायची, "पास्ट शोन." चालतंय.

अमेरिकेचं काही खरं नाही, हे आताशा सगळेच म्हणत. त्यात गौरांग पुढे. "संपली हो तुमची अमेरिका. आपसातच लचके तोडतायत." नागेश चवताळायचा. "हेच अठराशे चौदाला म्हणत होते, इंग्रजांनी राजधानी जाळली तेव्हा. हेच यादवीत, हेच एकोणतीसच्या मंदीत. अहो, पहिली जहाजं किनाऱ्याला लागून एक पिढी झाली नाही तोच तिथले म्हातारे रडायला लागले, की पोरं बिघडली, देवाने दिलेली भूमी हातची जाणार. आपण बुडतोय ही भीती हीच त्या देशाची तब्येत आहे. ज्या दिवशी भीती संपेल त्या दिवशी देश संपेल." हे तो इतकं छान बोलायचा की शुभदाला वाटायचं, या माणसाने कॉलेजात शिकवायला हवं होतं. मग त्याची नजर ओवीवर जायची आणि तो म्हणायचा, "तुला काय कळणार, तू खा."

दिवाळीनंतर एकदा शिवांगीचा, शुभदाच्या धाकट्या बहिणीचा, फोन आला.

"ताई, ओवीसाठी आमच्याइथली शाळा बघून ठेवू का?"

"ओवीसाठी? कशाला?"

"भावोजींनी तुला सांगितलं नाही?"

संध्याकाळी शुभदाने विचारलं तेव्हा नागेश दाढी करत होता. त्याने आरशातूनच उत्तर दिलं. अन्वीच्या अर्जावर आई-वडिलांना लगेच जाता येतं. बहिणीला नाही. आपण पोचलो की आपण तिला बोलावू. दोन-तीन वर्षांचा प्रश्न.

"अहो, तेरा वर्षांची आहे ती."

"मी अकराव्या वर्षी होस्टेलवर होतो."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"कायदा आहे तो, मी केलेला नाही." त्याने गालावरून वस्तरा ओढला. "आणि रडायचं असेल तर आत जाऊन रड. तिला आत्ताच कळायला नको."

त्या दिवसापासून शुभदाच्या मनात एकच गोष्ट होती. अन्वीने सही करू नये. पण हे ती कुणाजवळ बोलणार? हायडेलबर्गला शिकणाऱ्या अन्वीला फोन करून ती विचारायची, जेवलीस का, थंडी आहे का, आणि मूळ मुद्द्याशी आली की फोन ठेवून द्यायची. सही झाली तर एक मुलगी मागे राहते. नाही झाली तर नवऱ्याने एकवीस वर्षं जपलेलं सगळं एका दुपारी संपतं. तिला दुसरं चालणार होतं. आपल्याला ते चालतंय हे कळल्यावर ती स्वतःच दचकली.

फेब्रुवारीतला तो रविवार उजाडला, अन्वीचा एकविसावा वाढदिवस. अन्वी आदल्या दिवशीच आली होती. बाड हॉम्बुर्गहून गौरांग आणि शिवांगी आले. नागेशने ठेवणीतला सदरा घातला होता. या जुलैत अमेरिकेला अडीचशे वर्षं होतात, हे त्याने दार उघडतानाच गौरांगला ऐकवलं. शुभदाने औक्षणाचं तबक तयार केलं. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. नागेशने त्यात एक नवं निळं पेन ठेवलं आणि पेनाला कुंकवाचं बोट लावलं. पाटाशेजारी अर्जाचे कागद, कोरे करकरीत.

शुभदाने ओवाळलं. अन्वीने तिला नमस्कार केला, मग बापाला केला. नागेशने तिच्या हातात पेन दिलं.

"आधी मला एक सांगायचंय," अन्वी म्हणाली. "आल्झो, म्हणजे, मला ओहायोच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. ऑगस्टमध्ये जातेय."

नागेशने तिला जवळ घेतलं, गौरांगकडे बघितलं, आणि डोळे पुसत म्हणाला, "बघितलंत? बघितलंत का? आधी ही, मग आम्ही!"

"नाही बाबा. फक्त मी."

"हो हो, सुरुवातीला तूच. आमचे कागद होईपर्यंत..."

"मी सही करणार नाहीये."

शुभदाच्या हातात तबक तसंच होतं. निरांजनाची वात तडतडली.

"ओवीमुळे म्हणतेयस का?" नागेशचा आवाज खाली आला. "मी सगळं ठरवलंय. ओवी मावशीकडे राहील. तिला काही कमी पडणार नाही."

ओवी सोफ्याच्या हातावर बसली होती. तिने मान वर करून बापाकडे पाहिलं, मग मावशीकडे. मावशीने नजर चुकवली. झालं, तिला कळलं.

"ओवीमुळे असतं तर बरं दिसलं असतं," अन्वी म्हणाली. "मला तिचं वाईट वाटतं, पण त्यासाठी नाही. मी जातेय तीच तुम्ही तिथे नसाल म्हणून. मी मुलगी कधी होते या घरात? तिकीट होते. तिकीट हरवू नये म्हणून मला पोहायला पाठवलं नाही, सायकल दिली नाही. कुठल्या मुलाशी बोलले तर जर्मन आहे का अमेरिकन, एवढंच विचारलंत. बापाला नाही म्हणणं हीच अमेरिका, असं तुम्हीच गणपतीसमोर सांगितलंत. गेनाऊ, अगदी तेच करतेय."

"ते राजाबद्दल होतं," नागेश म्हणाला. त्याला स्वतःलाच ते किती केविलवाणं वाटलं असेल.

"मग मला सांगा, या घरात माझं मत कुणी विचारलं?"

नागेश खुर्चीवर बसला. मग एकदम उठला, आणि त्याच्या तोंडून जे बाहेर पडायला लागलं ते शुभदाने या घरात त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

"कशाला जातेस? काय उरलंय तिथे? शाळांतून गोळ्या चालतात. आजारी पडलीस तर औषधाला महाग होशील. माणसं शेजाऱ्याशी बोलत नाहीत, अर्धा देश उरलेल्या अर्ध्याला शत्रू म्हणतो. आपल्या रंगाच्या माणसाला रस्त्यात विचारतात, तुझा खरा देश कुठला. सगळी माणसं समान म्हणे! लिहिणाऱ्याच्या घरी गुलाम राबत होते, गुलाम! खोटारड्यांचा देश आहे तो. संपलाय. पडायला आलेल्या घरात कुणी राहायला जातं का? इथे बघ, रस्ते, रेल्वे, दवाखाने..."

तो थांबेना. दाढी करताना, गाडी चालवताना, पाहुण्यांना दारापर्यंत सोडताना ज्या ज्या माणसाशी तो या मुद्द्यांवर भांडला होता, त्या सगळ्यांची वाक्यं त्याला तोंडपाठ होती. कुठलंच सुटलं नाही.

गौरांगने श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. "वा नागेशराव," तो म्हणाला. "शेवटी आपलं एकमत झालं म्हणायचं."

शिवांगीने त्याला कोपर मारलं, पण तिच्याही ओठांवर हसू येऊन गेलंच. अन्वी हसली नाही. तिने पेन तबकात ठेवलं, बोटाला लागलेलं कुंकू रुमालाला पुसलं आणि म्हणाली, "मी जाणार तो देश तुमचा नाहीच बाबा. तुमचा इथे आहे, गणपतीच्या देखाव्याच्या खोक्यात. पुठ्ठ्याचा." मग ती आत जाऊन बॅग भरायला लागली.

पुऱ्या गार होऊन चिवट झाल्या. नागेशने खोलीत नजर फिरवली, आणि जणू आत्ताच दिसली तशी त्याला ओवी दिसली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. या मुलीशी बोलताना त्याचा आवाज इतका मऊ कधी झाला नव्हता.

"ओवी. बाळा. आता कुणीच कुठे जायचं नाही हं. आपण इथेच राहायचं. आपण जर्मन पासपोर्ट काढू, तुझा आणि माझा. तू मला जर्मन शिकव. शिकवशील ना? तू तर बाबांजवळ राहशील ना?"

ओवीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि शुभदाला त्याचीच भीती वाटली. राग असता तर समजूत घालता आली असती. एखाद्या दुकानात वस्तूची चौकशी करावी तशी ती आईकडे वळून मराठीत म्हणाली,

"आई, मावशीकडे मला स्वतःची खोली मिळेल?"

"अगं, आता कशाला?" नागेश घाईने म्हणाला. "ते रद्द झालं. सांग तिला शुभदा, ते रद्द झालं."

शुभदाने निरांजन फुंकरीने विझवलं नाही. तसं करायचं नसतं. तिने फुलाने वात खाली ओढली, ती तुपात बुडाली आणि शांत झाली. मग तिने बहिणीकडे पाहिलं. शिवांगीने हळूच होकाराची मान हलवली.

"मिळेल," शुभदा म्हणाली. "आपल्या दोघींना एक पुरेल."