धाकटीचे पाय

धाकट्या जावेचा मला पहिल्यापासून हेवा. कुरुळीतल्या आमच्या घरात थोरली मी, पण कौतुक तिचं. कंपनीला जमीन गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा रस्त्याकडेच्या खोल्याही तिलाच. साखर मात्र देवाने दोघींना दिली. मला आधी, तिला बऱ्याच वर्षांनी. तेवढ्यात तरी मी थोरली ठरले.

दवाखान्यात आम्ही एकत्रच जायचो. एकदा डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून तळपायाला बारीक दोरा टेकवला. लागला की सांगा म्हणाले. धाकटीने बरोबर सांगितलं. माझी पाळी आली तर मला काहीच कळेना. पण तिच्यासमोर हरायचं? पापण्या किलकिल्या करून मी डॉक्टरांचा हात बघत होते, हात हलला की "लागला" म्हणत होते. पास झाले. तरी त्यांनी निघताना बजावलं, साखर जुनी आहे, मिश्री सोडा, अनवाणी फिरू नका, रोज तळवे बघत जा. धाकटीने त्याच दिवशी मिश्रीची डबी उकिरड्यावर फेकली. मग मी कशाला फेकतेय?

नवरात्र आलं. दरवर्षी अनवाणी देवीला जाण्यात तिचा नंबर पहिला. यंदा मात्र तिने देवीची माफी मागून चपला घातल्या. मला रान मोकळं झालं. बायका म्हणाल्या, भक्ती करावी तर थोरलीने. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

देवळाच्या वाटेवर लेथची वर्कशॉप आहेत, त्यांचा लोखंडी कीस रस्त्यावर येतो. सातव्या माळेला मी दर्शन करून घरात शिरले आणि धाकटी फरशीकडेच बघत राहिली.

"जाऊबाई, तुमच्या पावलानं रगात उमटतंय. तुमाला कळंना व्हय?"

मी म्हटलं, देवळातलं कुंकू असेल.

कीस आत रुतून जखम सडली होती, कधीपासून ते देवीलाच ठाऊक. वरून मिश्रीमुळे पायात रक्त नीट पोचत नव्हतं. करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. आणखी उशीर झाला असता तर पाऊलच गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

आता धाकटी रोज संध्याकाळी येते, चष्मा लावून माझा पाय मांडीवर घेते आणि तळवा निरखते. चांगलीच वागते, म्हणून जास्त राग येतो.

परवा अंगणात बोराटीचा काटा तिची चप्पल भेदून आत गेला. "आई गं" करून ती खालीच बसली, डोळ्यांत पाणी आलं. काटा मीच काढला. ती पाय चोळत होती, तिचं लक्ष नव्हतं. तोच काटा मी माझ्या तळपायाला टेकवला, मग जरा दाबला.

काही नाही.

शेजारी ती अजून कण्हत होती. तिच्या साड्यांचा हेवा केला, खोल्यांचा केला, पण एवढा कधीच केला नव्हता.