सगळे चौकोन हिरवे

"तुम्हाला शुगर आहे. आजकालची नाही, जुनी दिसते," कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तपासणीला आलेल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. यंत्रावरचा ३४१ आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला. माझ्या मागे रांगेत वीसेक बायका होत्या आणि सगळ्यांनी तो ऐकला. मला आजारापेक्षा त्याचीच लाज वाटली. अशी मी शहाणी.

मी चाकणच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होते. गाड्यांचे रबरी भाग भिंगाखाली धरायचे, चीर दिसली की बाजूला टाकायचे. अकरा वर्षं मी डोळ्यांवरच पगार घेतला.

पुनावळ्यात आमच्या घराजवळच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, बोट टोचून साखर मोजायचं यंत्र घ्यायला लावलं आणि माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. "सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजा. आकडा यात भरा, मला इथे दिसेल. त्यावरूनच मी गोळ्यांचं ठरवणार." आकडा चांगला असला की त्या दिवसाचा चौकोन हिरवा, जास्त असला की लाल. माझे मिस्टर वाकडच्या एका सोसायटीत वायरमन आहेत. त्यांच्याही फोनवर ते दिसायचं.

पहिले पंधरा दिवस मी इमानदारीत भरलं. मग भाचीच्या साखरपुड्याहून आल्यावर २६८ आला. चौकोन लाल झाला आणि दोन मिनिटांत यांचा फोन. "काय खाल्लंस गं? कुणी वाढलं तुला?" संध्याकाळी लातूरहून सासूबाईंचा फोन, त्यानंतर नणंदेचा. माझ्या दोन जिलब्यांवर अख्ख्या खानदानाची बैठक बसली.

दुसऱ्या दिवशी २५४ आला. मी १२४ भरला. सगळीकडे शांतता.

ही विद्या माझ्याकडे आधीपासून होती. आमच्याकडे दर तासाला पाच भाग मोजून आकडे शीटवर लिहायचे असतात. माल मागे पडला की मोजायला कुणाला वेळ नसतो. मग ऑडिटच्या आदल्या दिवशी आमचा सुपरवायझर, चाकणजवळच्या गावचाच, टेबलाशी येऊन म्हणायचा, "ताई, उद्या साहेब लोक येनारेत. एक बी चौकोन मोकळा दिसला न्हाई पायजे." आम्ही बायका ओळीनं बसून भरायचो. त्यातही कसब असतं. एकच आकडा सलग लिहायचा नाही, मध्येच एखादा अगदी काठावरचा टाकायचा, म्हणजे खरा वाटतो.

तेच मी माझ्या रक्ताचं केलं. फर्स्ट शिफ्टला फोन गेटवरच्या लॉकरमध्ये जमा व्हायचा, म्हणून रविवारी बसून आठवड्याचे सगळे चौकोन एकदम भरायची. हळूहळू बोट टोचणंही सुटलं. ॲप शाबासकी देत राहिलं. हे तर पाहुण्यांना फोन दाखवायचे. डॉक्टर म्हणायचे, "छान चाललंय, गोळी वाढवायची गरज नाही. तेवढी तीन महिन्यांची टेस्ट करून घ्या." मी मान हलवायची आणि शिफ्टचं कारण सांगून टाळायची. असं वर्ष गेलं.

एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे काळा दोरा तरंगायला लागला. केस असेल म्हणून मी भिंग पुसलं, चेहरा धुतला. दोरा तिथेच. त्याच आठवड्यात मी पास केलेला एक लॉट परत आला. त्यातल्या चिरा सुपरवायझरला लांबून दिसत होत्या. मला जवळूनही दिसेनात.

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब टाकून तासभर बसवलं. समोरचं सगळं धूसर, मांडीवर फाइल, शेजारी हे. डॉक्टर म्हणाले, "डायबेटिक रेटिनोपॅथी." म्हणजे साखरेनं डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या नसा खराब होतात, फुटतात, रक्त उतरतं. उजव्यात उतरलं होतं. डाव्याचीही सुरुवात झाली होती. "गेलेली नजर परत येईल का?" यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढी टिकवायचा प्रयत्न करू."

मग रक्त तपासलं. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी. अकरा पूर्णांक आठ आली. पुनावळ्याचे डॉक्टर एकदा रिपोर्ट बघत, एकदा कॉम्प्युटरवरचे माझे हिरवे चौकोन. "तुमचं यंत्र बिघडलंय का हो?" त्यांनी माझ्यावर नाही, यंत्रावर संशय घेतला. मला तिथेच रडू फुटलं. सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "म्हणजे वर्षभर मी दुसऱ्याच कुणावर उपचार करत होतो."

तेव्हापासून इन्सुलिन आहे. डाव्या डोळ्याला लेझर झालं, उजव्यात इंजेक्शनं चालू आहेत. तपासणीचं टेबल गेलं. मी दिवसभर घरात बसून असते आणि माझ्या हातात काही नाही, हे रोज नव्यानं कळतं. पथ्य सगळं पाळते, तरी साखर मनासारखी उतरत नाही.

तुमच्याही फोनमध्ये असं एखादं ॲप असेल, तर लाल येऊ द्या. ते तुमचं ऑडिट नाही. आणि घरच्यांनो, लाल दिसला की आधी "जेवलीस का?" विचारा. "काय खाल्लंस?" नंतर.

मला आता यंत्रावरचे आकडे वाचता येत नाहीत. हे कामावर जायच्या आधी माझं बोट टोचतात, आकडा वाचतात आणि ॲपमध्ये भरतात. या माणसाचे उपकार कुठल्या तोंडानं मानू? परवा जरा थांबून म्हणाले, "एकशे अडतीस."

थांबले ते मला ऐकू आलं.

"खरं सांगा."

यांनी यंत्र पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाले, "दोनशे बारा. तू रात्रभर झोपली न्हाईस. म्हटलं, आज तरी..."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "दोनशे बारा भरा."