पुजलेला बैल

तासगावहून निघालेल्या एसटीत शेजारच्या पिळदार मिशांच्या माणसानं जुनी ओळख असल्यासारखा मोबाईल माझ्यापुढे धरला. "हे बगा, आमी पिक्चर केलाय!"

पडद्यावर बेंदराच्या सणाला पूजेसाठी करतात तसला ओल्या मातीचा बैल डुलत चालला होता.

"पाय इतकुसा हलवायचा, फोटो काढायचा. परत इतकुसा, परत फोटो." दर वेळी त्याची चिमूट हवेतच तो पाय सरकवत होती. "मिलिटरीतनं आल्यापासनं एवढी मजा आली न्हाई!"

तेवढ्यात बैलाच्या कपाळावर एकदम कुंकू उमटलं. मी दचकलोच.

"च्या प्यायला उठलो, तवर आईनं पूजा उरकली! आता पुजलेल्या बैलाचं पाय कसं वाकवायचं?"

"म्हणजे पिक्चर संपला?"

"छ्या! फुडं बगा की."

बैलाचे पाय आता हलत नव्हते. पण मागची मातीची झाडं, विहीर, बांध भराभर मागं पळत होते आणि बैल ऐटीत पुढं निघाला होता.

त्यानं मांडीवर थाप मारली. "बैल थांबला, मग म्या रानच चालवलं!"

खिडकीबाहेर द्राक्षबागा मागं पळत होत्या. एसटी जागीच उभी आहे आणि कुणीतरी चिमटीनं बागा सरकवतंय, असं मला सांगलीपर्यंत वाटत राहिलं.