मिश्रीलालच्या घडीची अकरा मिनिटं

जऊळक्याच्या डाकबंगल्यावर दौलतसिंग चौकीदार होता. मानूस तांड्यावरचा, शाळा चौथी. बंगल्याच्या आंगनात पावसाचं माप होतं. रोज सकाऊनी त्यातलं पानी मोजाचं, पोस्टाच्या कारटावर आकडा लिवाचा अन् हवामानाच्या कचेरीले धाडाचा. नऊ वर्सं एक आकडा चुकला नाई. बायको गोमतीबाई म्हने, "घरातलं पीठ सरलं हे तुमाले दिसत नाई, अन् सुईच्या टोकाएवढा पाऊस बरा दिसते!"

सत्तावन साली कचेरीचा साहेब आला. त्यानं अजून एक गठ्ठा देल्ला, भूकंपाच्या कारटायचा. जमीन हालली तं त्यावर लिवाचं: कव्हा हालली, काय पडलं, कोन घाबरून भाईर पयालं.

साहेब म्हने, "हे कार्ड सगळ्या देशांत एकाच नमुन्याचं. जपानचा माणूस हेच लिहितो, रशियाचाही हेच. धक्का पाण्यातल्या लाटेसारखा पसरतो. कुठं किती वाजता पोचला हे सगळ्यांचं जोडलं, की कुठून निघाला ते कळतं. म्हणून वेळ रेल्वेचीच लिहायची."

घरी येऊन दौलतसिंग म्हने, "माहं कारट जपानले जाईन."

"जपानात तुमाले कोन वळखते?"

"मले नाई वो, पन जऊळक्याले तं वळखतीन."

पोळा झाल्यावर एका सोमवारी थो मिश्रीलाल सेठच्या दुकानात मीठ घ्याले गेला. सेठ तोलून राह्यले होते, अन् तराजू आपलाच झुलाले लागला. तेलाचा डबा खडखडला. अर्ध्या गावाले वाटलं मालगाडी गेली. पन भितीवरच्या घडीचा लंबक थांबला. काटे पाच एकवीसवर.

दौलतसिंग मीठ तितंच ठेवून धावला. घडी आपली आपन थांबली, याहून मोठी साक्ष कोनती? अन् सारं गाव याच घडीवर गाडी धरते, म्हंजे येळ रेल्वेचीच. त्यानं लिवलं, पाच वाजून एकवीस मिनिटं.

महिन्याभरानं कचेरीची चिठ्ठी आली. तेही दुसऱ्याच गावी फिरून आली, म्हून आठ दिवसाच्या मुदतीतले सहा तितंच गेले. लिवलं होतं: बाकीच्या साऱ्या गावांची वेळ जुळते, तुमची जुळत नाही. सोबतच्या कार्डावर खुलासा करा, नाहीतर नोंद रद्द होईल. बाहेरदेशी याद्या एकाच तारखेला जातात.

दौलतसिंगाले जेवन गेलं नाई. आकडा खोटा म्हंजे मानूस खोटा. चिठ्ठी घेऊन थो दुकानात गेला.

"सेठजी, तुमची घडी चुकते का?"

मिश्रीलालनं दुकानातल्या बाया वाटेले लावल्या, अन् मंग हयू म्हने, "चुकत नाई. मीच चुकवतो. दर सोमवारी चार वाजता टेसनावर तारेनं येळ येते. थे पाहून येतो अन् अकरा मिनिटं पुढं लावतो."

"कायले पन?"

"अरे, आपले लोक! गाडी नऊची म्हटलं का नवाले घरून निंगतात. माह्या घडीनं निंगतात म्हून गाडी भेटते."

दौलतसिंगाच्या डोक्शात आता उजेड पडला. सारं गाव टेसनावर बसून गाडीले शिव्या देत होतं, रोज धा मिनिटं लेट येते म्हून. गाडी लेट नवतीच.

"मंग मी हे लिवून देतो."

"लिव. पन गावात कोनाले सांगजो नको. समजलं का लोक अकरा मिनिटं उशिरानंच निंगतीन. तुले सेवालाल महाराजाची आन."

दौलतसिंगानं आन घेतली. खुलासा लिवला: घडी अकरा मिनिटं पुढं, त्याच दिवशी लावलेली, म्हून खरी येळ पाच दहा. आता धाडावं कसं? कारट उघडं, अन् पोस्टमन पुंजाजीची खोड अशी का हरेक कारट पारावर मोठ्यानं वाचाचा. लोकायले वाचता येत नाई, म्हून थो उपकारच समजे. तवा ठरलं, नवाच्या गाडीच्या डाकडब्यात हातानं टाकावं.

दुसऱ्या दिवशी थो दुकानापाशी आला तं घडीत नवाले पाच कमी. रोजच्यासारखा धावला असता. पन आता त्याले ठावं होतं ना! म्हने, अजून सोळा मिनिटं हायेत. बसला, च्या मांगवला, शालिग्राम पाटलाच्या बैलाची तारीफ आयकली. मंग निंगाले लागला तं गाडीनं शिट्टी देल्ली. टेसनावर पोचला तवा गार्डाचा डबा वळनावर दिसे.

संध्याकाळची डाकगाडी जऊळक्याले थांबत नसे, वाशीमले थांबे. उद्याची मुदत. पुंजाजीले देल्लं तं आन मोडते, ठेवलं तं नोंद जाते. दौलतसिंगानं धोतर खोचलं अन् रुळाच्या कडंनं वाशीमचा रस्ता धरला. दिवसभर चालला. दिवेलागनीले डाकडब्यात कारट टाकलं, तवा पायाले फोड आले होते.

घरी गोमतीबाई म्हने, "वाशीमले कायले गेलते?"

"गाडी सुटली."

"घडी पाह्यली नाई का सेठची?"

"पाह्यली. म्हून तं सुटली."

दिवाळीच्या आंगंमांगं जबाब आला: वेळ पाच वाजून दहा मिनिटं धरली, बाकीच्यांशी जुळते, नोंद यादीत घेतली. पुंजाजीनं थे पारावर मोठ्यानं वाचलं. कोनालेच काई समजलं नाई. दौलतसिंगानं कागद सेठले दाखवला. सेठनं दोनदा वाचला अन् गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला.

"आता जपानले माहीत झालं, सेठजी."

"जपानले आपली गाडी नाई धराची."

गोमतीबाईलेही हे सेठ वारल्यावरच समजलं. तवर दौलतसिंग गाडीले जाचा तं सेठच्या घडीनंच, जसं काई ठावंच नाई. टेसनावर लोक म्हनत, "पाह्य, आजबी धा मिनिटं लेट!"

थो बिडी पेटवे अन् म्हने, "हौ ना बाप्पा, रोजचीच लेट हाये."