यादीतून खोडलेला भाऊ

…तर काल सांगता सांगता मी कुठे थांबलो होतो? हां, चर्चच्या कारकूनसाहेबांनी लाल पेन उचललं, तिथे.

त्या पेनाने त्यांनी कडकमावशीच्या भावाचं नाव यादीतून खोडलं, आणि तेही तिच्या डोळ्यांदेखत. काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. कडकमावशी म्हणजे आमच्या गल्लीतली लॉन्ड्रीवाली. खळ अशी घालायची की शर्ट खुर्चीवर ठेवला तर माणूसच बसलाय असं वाटावं. स्वभावालाही तीच खळ. चर्चमधल्या वेदीवरची कापडं चाळीस वर्षं तीच धूत होती. पवित्र प्याला पुसायचे छोटे रुमाल आधी वेगळ्या पातेल्यात खळबळायचे आणि ते पाणी मोरीत न सोडता गुलाबाच्या बुंध्याशी ओतायचं, हा नेम तिने तापातसुद्धा मोडला नाही.

आणि यादी म्हणजे नोव्हेंबरची. त्या महिन्यात आम्ही आपापल्या गेलेल्या माणसांची नावं लिहून देतो, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, ती एकेक करून वाचतात. स्वर्गाआधी धुऊन निघायला शुद्धिस्थानात थांबलेल्या जिवाला स्वतःसाठी काही करता येत नाही, मागे राहिलेल्यांची प्रार्थनाच त्याला पुढे ढकलते, असं आम्ही मानतो. नाव वाचलं की सगळं चर्च म्हणतं, "प्रभू, त्याला विश्रांती दे."

भाऊ बॉयलरवर कामाला होता. आई गेली तेव्हा तो दीड वर्षाचा आणि ही दहाची. हिनेच कडेवर घेऊन वाढवला. पुढे त्याची बायको ऐन पंचविशीत वारली, आणि हा देवावर असा रुसला की पुन्हा चर्चची पायरी चढला नाही. पण गंमत ऐका! दर रविवारी बहिणीला फाटकापर्यंत पोचवायचा आणि मिस्सा संपेपर्यंत बाहेरच्या कठड्यावर सिगारेट ओढत बसायचा. ऊन असो, पाऊस असो, तीस वर्षं! शेवटी इस्पितळात फादर मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन गेले, तर पठ्ठ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. दुपारी गेला.

नेमकं हेच कारकूनसाहेबांनी धरलं.

"मावशी, तो आत कधी आला होता का?"

"बाहेर होता ना. तुमचा लाऊडस्पीकर फाटकापर्यंत ऐकू येतो. तुम्ही बेसूर गाता हे मला त्यानेच सांगितलं."

"फादरांना पाठ दाखवली त्याने."

"कूस बदलली. पाठ दुखत होती त्याची."

"मावशी, नियम असतो."

"कुठे लिहिलाय? दाखवा."

कारकूनसाहेबांनी कपाट उघडलं, मेणबत्त्यांची खोकी इकडची तिकडे केली, कपाट बंद केलं. नियम काही सापडला नाही, पण नाव खोडलेलंच राहिलं.

ही बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ! आमची ही म्हणाली, "मावशी, रविवारची कापडं देऊच नकोस. उघड्या वेदीवर मिस्सा करू दे त्यांना, मग सुचेल शहाणपण." मावशी इस्त्री आपटून म्हणाली, "भांडण माझं यादीशी आहे, वेदीशी नाही. कापडाने काय घोडं मारलंय?" मग इस्त्री बाजूला ठेवली. "तो कधी एकटा राहिला नाही गं. अंधाराला घाबरायचा. तिथे त्याच्या नावाने कोणी हाक मारायची?"

रविवारी वेदीवरची कापडं अशी पांढरी होती की डोळे दिपावेत. ती पहिल्या बाकावर. कारकूनसाहेब यादी वाचू लागले. बेकरीवाल्याचा बाप, नर्सबाईची सासू, माझा थोरला भाऊ. यादी संपली. साहेबांनी कागदाची घडी घातली आणि मावशी उभी राहिली.

"अजून एक राहिलंय," म्हणाली, आणि भावाचं नाव असं खणखणीत घेतलं की फाटकाबाहेरच्या कठड्यालाही ऐकू जावं.

कारकूनसाहेब फादरांकडे बघतायत, फादर वेदीवरच्या कापडाकडे. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "प्रभू, त्याला विश्रांती दे." आमची ही! चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या एका प्रश्नाला जिने वेळेवर उत्तर दिलं नाही, तिने पहिलं उत्तर दिलं. मग मी. मग मागचे बाक, मग सगळं चर्च. मावशीने पुन्हा नाव घेतलं, बहुधा साहेबांसाठी. दुसऱ्यांदा त्यांचेही ओठ हलले, मी पाहिलंय.

मिस्सा संपल्यावर ती नेहमीसारखी वेदीमागच्या खोलीत मळलेले रुमाल गोळा करायला गेली. मोडकं स्टूल दुरुस्त करायचं होतं म्हणून मीही तिथेच होतो. फादर नवे, वयाने तिच्या मुलासारखे, रागावले नव्हते, खरोखरच कोड्यात पडले होते. म्हणाले, "मावशी, नाव मी यादीत लिहायला सांगतो. पण एक सांगा, त्यानेच आम्हाला नको म्हटलं होतं. ज्याला नकोय त्याच्यासाठी प्रार्थना करायची तरी कशी?"

मावशीने रुमालांचं गाठोडं काखेत मारलं.

"फादर, लहानपणी तो आंघोळीलाही नकोच म्हणायचा. मी काय त्याला विचारत बसायचे? आत्ताही तिथे नकोच म्हणत असेल, मला माहितीये. तुम्ही आपलं पाणी तापवा, कान धरायला मी आहे."