पिठुळा

माळावरून घरी आलं की कुशाबाई आधी ओट्यावर उभी राहून पदर झटकायची. पदरातून पांढरट भुकटी उडायची, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. मग हातपाय धुवायचे, चूळ भरायची. चूळ भरली तरी दाताखाली थोडी कचकच राहायचीच. लग्न होऊन बोरी बुद्रुकला आली तेव्हापासून ही कचकच तिच्या मागं लागली होती. आता साठी उलटली तरी तिला तिची सवय झाली नव्हती.

तिचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, लोणी-धामणीकडचं. तिकडंही पाऊस असाच, आला तर आला. पण तिकडचा माळ तांबडा, मुरमाड. पायाला टोचेल, अंगाला चिकटायचा नाही. इथं कुकडी नदीच्या वरच्या अंगाला सासरचा जो माळ होता, त्याला सगळे पिठुळा म्हणत. वर ओंजळभर काळसर माती, तिच्यात गवताच्या मुळांची दाट जाळी, आणि खाली नुसती मऊ, पांढुरकी भुकटी. भिजली की लोण्यासारखी सटकणारी, वाळली की फुंकरीनं उडणारी. जुन्या बायका या भुकटीनं भांडी घासायच्या. वजनाला इतकी हलकी की भरली पाटी डोक्यावर घेतली तरी काही घेतल्यासारखं वाटू नये.

या माळाचा एक गुण मात्र होता. होळीनंतर आजूबाजूचे माळ खरवडून काढल्यासारखे बोडके व्हायचे, तेव्हाही पिठुळ्यावरच्या गवताच्या बुडख्यात हिरवा कोंब असायचा. वरून जमीन ठणठणीत कोरडी दिसायची, पण खुरप्यानं वीतभर उकरलं की हाताला गारवा लागायचा. त्या गारव्यावर कुशाबाईची दोन गुरं आणि पाच-सात शेरडं उन्हाळा काढायची. तिचा नवरा गेणू होता तोवर दोघं आलटून पालटून माळावर जात. गेणू बोलायला कमीच. या माळाला नांगर लावू नये, एवढं तो म्हणायचा. का, ते त्यालाही सांगता यायचं नाही. त्याच्या बापानं लावला नव्हता, म्हणून त्यानं लावला नाही.

गेणू गेला आणि गुरांमागं फिरणं एकट्या कुशाबाईवर आलं. सकाळी न्यायची, दिवस मावळताना आणायची. मुलगा सुदर्शन रांजणगावला कंपनीत, मोटारसायकलवर जाऊन-येऊन. सून आरती घरचं आणि खालची विहिरीवरची शेती बघायची. कुणी रिकामं नव्हतं आणि कुणाची चूकही नव्हती. पण कुशाबाईचे गुडघे सुजायला लागले. एका पावसाळ्यात माळाच्या उतारावर तिचा पाय सटकला आणि ती बसल्या बसल्या खाली ओढ्यापर्यंत घसरत गेली. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून माळावर ती प्रत्येक पाऊल चाचपून टाकायची.

त्याच वर्षी सुदर्शननं विषय काढला. जेवणं झाली होती. तो भिंतीला टेकून बसला होता, डोळे झाकलेले.

"आई, आपली पाइपलाइन रस्त्यापोतर आलीच हाय. पिठुळा लेव्हल करून घिऊ. कांदा लावू. तू तरी किती दिस गुरामागं हिंडनार?"

कुशाबाईला गेणूचं बोलणं आठवलं. पण ते बोलायचं म्हणजे सुदर्शन कारण विचारणार, आणि कारण तिच्याजवळ नव्हतं. वाद घालायलाही अंगात काहीतरी लागतं.

"कर बाबा," ती म्हणाली. "माझं पाय न्हाई राह्यलं आता."

जेसीबी आला तेव्हा ती बांधावर उभी होती. मशिनच्या दातांनी गवताचा थर असा वर आला, जसं निजलेल्या माणसाच्या अंगावरचं घोंगडं कुणी ओढावं. खाली सगळं पांढरं. ड्रायव्हरनं नाकाला रुमाल बांधला. दुपारपर्यंत त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. सुदर्शन मात्र खूश होता. म्हणाला, "बघ, दगूड न्हाई, गोटा न्हाई. असली जमीन कुनाची हाय?"

दगड खरोखरच नव्हता. बाकी सगळी अडचण होती. कांद्याची रोपं लावली, पाणी दिलं. पाणी दिलं की जमीन पीत सुटायची, आणि वरून सुकली की तिच्यावर पापडी धरायची. कोवळ्या रोपांच्या मानेभोवती ती पापडी आवळून बसायची. डीएपी टाकलं. दुकानदारानं सांगितलं म्हणून पुन्हा टाकलं. माती खत गिळायची आणि गप्प बसायची. पात जांभळट, बारीक राहिली. कांदे निघाले ते पोरांच्या गोट्यांएवढे. दुसऱ्या वर्षी शेणखत घालून बघितलं, तेव्हा थोडं बरं आलं, पण एवढ्या माळाला पुरेल एवढं शेण आणायचं कुठून? गुरं तर चाऱ्यावाचून आधीच हाडं झाली होती. सुदर्शननं ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या आणि पिठुळा तसाच पडला.

मग चैत्रातला वारा सुटला.

पहिल्या दिवशी कुशाबाईला वाटलं, खाली कुठंतरी पाचट पेटलंय. माळावरून पांढरा लोट उठला होता आणि सरळ हौशीरामच्या रानावर चालला होता. हौशीराम त्यांचा शेजारी, खालच्या अंगाला त्याचा उन्हाळी टोमॅटो. वारा चार-पाच दिवस थांबला नाही. मग हौशीराम घरी आला. तो भांडेल म्हणून आरती चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेली. पण तो उंबऱ्यातच टेकला.

"वहिनी, माझा टोमॅटो बघा येऊन," तो म्हणाला. "पावडर मारल्यागत झालाय सगळा. फूल गळून गेलं."

"भाऊजी, आमी मुद्दाम..."

"मुद्दाम कोन म्हनतंय? पन माझं तर गेलं ना."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. कुशाबाई त्याच्या मागोमाग रानात गेली. ओळीच्या ओळी पांढऱ्या. तिनं एक पान पदरानं पुसलं. भुकटी गेली नाही, पानच चरचरून फाटलं. तिनं दुसरं पान धरलं नाही. हात तसाच घेऊन उभी राहिली.

त्या उन्हाळ्यात श्रेया नावाची मुलगी गावात आली. शेतकी कॉलेजात शिकत होती, चराऊ रानांच्या मातीवर तिचा अभ्यास चालला होता. कुकडीच्या काठच्या दरडीत जुन्या राखेचा थर आहे, तो बघायला माणसं येतात, ते गावाला नवं नव्हतं. भिंगं लावून काय बघतात कोण जाणे, असं म्हणून लोक आपापल्या कामाला लागत. पण श्रेयाला नदी नको होती, गवताचा माळ हवा होता, आणि कुणीतरी तिला पिठुळ्याचं नाव सांगितलं होतं. ती आली आणि उघडा पांढरा माळ बघून बांधावरच बसली.

"इथं गवत होतं ना, मावशी?"

"व्हतं," कुशाबाई म्हणाली. "काढलं आमी."

श्रेयानं चिमूटभर भुकटी तळहातावर घेऊन उन्हात धरली. बारीक बारीक कण चकाकले. तिनं सांगितलं, हजारो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडं एक ज्वालामुखी डोंगर फुटला, त्याची राख वाऱ्यानं इथवर आली आणि ओढ्यानाल्यांनी वाहून आणून इथं साठवली. राख म्हणजे चुलीतली नव्हे. बारीक काच.

"काच?" कुशाबाईनं तोंडावरचा पदर काढला. "म्हंजी एवढी वर्सं मी काच खाल्ली व्हय?"

श्रेया हसली. म्हणाली, ही माती पाणी धरते खरी, पण स्वतःला धरत नाही. तिला मुळांनी धरून ठेवावं लागतं. वरचा थर गेला की ती वाऱ्याची.

"परत येल का गवत?"

"ते मला नाही सांगता येणार. लवकर तर नाहीच. आणि येईपर्यंत जनावर घालायचं नाही."

कुशाबाईच्या मनात आलं, जनावर घालायचं नाही, मग जनावर ठेवायचं कशावर? त्या आठवड्यात तिनं दोन्ही गायी बेल्ह्याच्या बाजारात नेल्या. व्यापाऱ्यानं थोरल्या गायीचा जबडा उघडला, बोटानं दात चाचपले.

"म्हातारी हाय की, आजी."

"म्हातारी न्हाई. चौथ्या वेताची हाय."

"दात बघा की राव, झिजून सपाट झाल्यात. कुठलं गाव? बोरी? मंग बराबर. तिकडच्या एकेका माळावरची गुरं अशीच असत्यात."

कुशाबाईनं थोरलीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, दोघींची दावी त्याच्या हातात दिली आणि एसटीच्या फाट्यापर्यंत चालत आली. घरी शेरडं तेवढी राहिली.

मग तिनं गवताचं बी गोळा करायला घेतलं. बांधावरचं मारवेल, रस्त्याकडेचा पवना, सापडेल तिथली कुसळी. संकष्टीला बायकांबरोबर लेण्याद्रीला गेली, तर दर्शन झाल्यावर उतरताना तिथंही पायऱ्यांच्या कडेचं गवत ओरबाडून ओच्यात भरू लागली. बायका हसल्या. कुसळं लुगड्यातून मांड्यांना टोचत होती, आणि गुडघे प्रत्येक पायरीला वेगळे बोलत होते. ज्येष्ठात तिनं ते सगळं बी पिठुळ्यावर उधळलं आणि पावसाची वाट बघत बसली.

पावसाच्या आधी वारा आला. बी आणि भुकटी दोन्ही उडाली. पुढं आषाढात हौशीराम रस्त्यात भेटला, म्हणाला, "वहिनी, तुमचं गवत माझ्या बांधाला उगवलंय. लई झ्याक आलंय." त्यानं थट्टेनं म्हटलं, की खरंच, ते तिला कळलं नाही. पिठुळ्यावर एक काडी नव्हती. तिला रडूही आलं नाही. घरी जाऊन ती उजेडातच अंथरुणावर पडली. आरतीनं दोनदा हाक मारली, तरी उठली नाही.

पण श्रेयाचा फोन आला तेव्हा तिनं घडलं ते सांगितलं. श्रेया म्हणाली, "चूक माझी आहे, मावशी. आधी वारा अडवायला सांगायला हवं होतं." काटेरी फांद्या वाऱ्याला आडव्या, ओळीनं टाकायच्या. आणि बी टाकायचं ते पाऊस जमिनीत मुरल्यावर, मग शेरडं वरून एकदा फिरवायची, म्हणजे बी खुरांनी दाबलं जाईल.

"आधी म्हनली जनावर घालू नको, आता म्हनती फिरव," कुशाबाई आरतीला म्हणाली.

फांद्या कुठून आणायच्या हा प्रश्नच होता. हौशीराम आपल्या बांधावरच्या बाभळी छाटत होता, तेव्हा आरती सरळ त्याच्याकडं गेली आणि फांद्या मागून आली. तो म्हणाला, "न्या. तुमचा माळ झाकला तर माझाच फायदा हाय." सुदर्शननं सुट्टीच्या दिवशी ट्रॅक्टर आणला. दिवसभर मायलेकांनी काटे ओढले. सुदर्शनचे हात रक्ताळले. संध्याकाळी तो पाण्याच्या तांब्याजवळ बसला आणि बोटातले काटे काढता काढता म्हणाला, "आई, मी लई घाई केली गं."

"मी हो म्हनलं व्हतं," ती म्हणाली. "दमले व्हते."

"मी बी दमलोच व्हतो."

त्या पावसाळ्यात काट्यांच्या आडोशाला गवत आलं. माळभर नव्हे, फक्त ओळींच्या कडेनं, हिरवी दोरी टाकल्यासारखं. पुढच्या वर्षी दोऱ्या रुंद झाल्या, त्याच्या पुढच्या वर्षी एकमेकींना भिडल्या. जिथं जेसीबी सगळ्यात खोल गेला होता, तो वरचा कोपरा पांढराच राहिला. तिथं काही केल्या धरत नाही. चैत्रात तिथून थोडी भुकटी अजून उडते, पण खालच्या गवतात अडकते. हौशीरामनं पुन्हा टोमॅटो लावलाय.

गवत आलं, पण कुशाबाईचे पाय तोवर गेले होते. कापायजोगं गवत झालं, त्या कार्तिकात ती काठी टेकत, आरतीचा खांदा धरत माळावर आली.

"आत्याबाई, मी म्हनते एक गाय घिऊ," आरती म्हणाली. "माझ्या जबाबदारीवर."

"चारायचं न्हाई अजून. कापून न्यायचं."

"कापून नेईन की."

"तुला सवय न्हाई. दुपारी ऊन कसलं लागतं हितं, म्हाईत हाय का?"

"सांगा तुमी, मी करते."

कुशाबाई बांधावर बसली. आरतीनं पदर खोचला आणि विळा घेतला. पहिली मूठ ओढून कापायला गेली, तर बुडखा मुळासकट हलला.

"वढू नको गं. चार बोटं वर धर. मुळं हलली तर संपलं."

"अशी?"

"थोडी वर."

आरतीचा विळा चालू लागला. आधी अडखळत, मग सरासर. कुशाबाई थोडा वेळ बघत राहिली. खालच्या रानात हौशीरामची मोटर चालू होती, पलीकडं नदीचं पात्र दिसत होतं. पाठीवर ऊन बरं वाटत होतं. बघता बघता तिची मान खाली गेली. आरतीनं दोन भारे बांधले, वळून पाहिलं, तर सासू बसल्या जागी झोपलेली. तिनं हाक मारली नाही. ऊन कलल्यावर तोंडावर येईल म्हणून एक भारा उचलून तिच्या पुढ्यात उभा केला, आणि तिसरा कापायला वाकली.