रशीदभाईंनी सेट दुकानात नेला तेव्हा

ही गोष्ट मी पंचवीस वर्षं टाळली. तिच्या जवळपास बोलणं आलं की मी विषय बदलत असे. तीन आठवड्यांपूर्वी मंगरूळपीरहून फोन आला, टीव्ही दुरुस्त करणारे रशीदभाई गेले... आणि टाळायला काही उरलं नाही.

मी आसेगावात शाळामास्तर होतो, तेव्हापासूनची आमची ओळख. निरोप पाठवला की ते अवजारांची पिशवी घेऊन एसटीनं येत. त्यांचा एक नेम होता: सेट घरच्यांसमोरच उघडायचा आणि काढलेला खराब पार्ट मालकाच्या हातावर ठेवायचा. "सेट दुकानात नेला का मानसाच्या मनात किडा शिरते, गुरुजी," असं ते म्हणत. मागचं झाकण काढून ते आत डोकं घालत आणि माझ्या बायकोला, सुमनला, पडद्यासमोर आरसा धरायला लावत, म्हणजे मागे बसूनही त्यांना चित्र दिसे. "वहिनी, आरसा हलवू नका, बातम्यावाली बाई नाचून राह्यली!" सुमनला हसू आवरत नसे, मग ती बाई आणखीच नाचे.

एकदा पडद्यावर नुसती आडवी पांढरी रेघ उरली. रशीदभाईंनी खराब पार्ट लगेच ओळखला, पण वीज गेलेली, नवा पार्ट बसवायला सोल्डरचा डाग द्यायची सोय नाही. ते उद्या येतो म्हणाले. धीर मलाच नव्हता. "घेऊन जा ना दुकानात," मी म्हणालो.

"मी नेत नसतो, गुरुजी. तुमाले ठाऊक हाय."

"माहा भरोसा हाय ना तुमच्यावर!"

माझ्या त्या शब्दावर त्यांनी नेम मोडला. दुसऱ्या दिवशी सेट आला, चित्र स्वच्छ, काढलेला पार्ट कागदात बांधून माझ्या हातात. चौथ्या दिवशी मात्र पडद्यावर मुंग्याच मुंग्या. मी काही तपासलं नाही. सरळ चहाच्या टपरीवर जाऊन बोललो, दुकानात नेऊन असली पार्ट काढले आणि नकली टाकले. मास्तरचा शब्द... गावानं खरा मानला. त्यांना बोलावणं बंद झालं. आठवडाभरात रशीदभाई स्वतःच माझ्या दारात उभे. "एक डाव उघडून पाहू द्या. तुमच्यासमोर." मी उंबऱ्यातून हललो नाही. "राहू द्या. पाह्यलं एकदा." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि स्टँडकडे चालू लागले.

पुढे गच्चीवरून तुरीची पोती उतरवताना दिसलं, अँटेनाची वायर एका पोत्याखाली चेपून तुटली होती. पोती मीच ठेवली होती, मुंग्या आल्या त्याच सकाळी. वायर जोडली आणि चित्र लख्ख. सुमन म्हणाली, "आता जा, सांगा त्यायले. आन् टपरीवर बी सांगा." मी म्हणालो, उद्या जातो. गुरुजी चुकले हे चार लोकांत सांगायची माझी छाती झाली नाही. मंगरूळपीरच्या स्टँडवर कधी गाठ पडे. ते आधी सलाम करत, वहिनी कशा आहेत विचारत. मला नेहमी घाई असे... नसली तरी.

परवा त्यांच्या घरी गेलो. त्यांची लेक चहा घेऊन आली. "आसेगावचे गुरुजी ना तुमी? अब्बा तिकडं जायचे बंदच झाले होते. आमी पुसलं काहून, तर म्हणत, त्या गावात आता कोणाचाच टीव्ही बिघडत नाही." आणि ती डोळे पुसत हसली. तिला काहीच माहीत नव्हतं. माझी लाज त्या माणसानं स्वतःच्या घरातही झाकून ठेवली होती. तिथंच बोलायला हवं होतं. मी कप खाली ठेवला आणि उठलो.

म्हणून हे छापायला देतो आहे. टपरीवर पेपर येतो, तिथंही वाचतील. रशीदभाई, वायर माह्याच पोत्याखाली तुटली होती. तुमी काहीच बदललं नव्हतं. मले माफ करा.